काचेपलीकडचा हात

शिरवण्याच्या अलीकडे कंपनीची बस थांबली तेव्हा नंदकिशोरला वाटलं, नेहमीसारखा एखादा टँकर रस्त्यात आडवा झाला असेल. शनिवार होता, चार वाजून गेले होते, आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या उन्हात तो रोजचा वास तरंगत होता, सडक्या बदामासारखा, ज्याला आता वाशीतलं कुणी वास म्हणत नसे. त्याच्या मांडीवर डब्याची पिशवी होती. पुढच्या बाकांवरची माणसं उठून उभी राहिली, मागे कुणी तरी म्हणालं, "संपवाले आहेत. पाच महिने झाले, अजून मिटत नाही." खिडकीतून डोकं काढल्यावर त्याला कारखान्याचं गेट दिसलं, गेटसमोरची गर्दी दिसली आणि गर्दीच्या मधोमध अडकलेली पांढरी रुग्णवाहिका. टपावरचा तांबडा दिवा आवाज न करता फिरत होता. भर उन्हात तो दिवा आहे की नाही हेही नीट कळत नव्हतं. दारावरची लाल खूण मात्र ठळक होती, एवढी मोठी, नुकती रंगवल्यासारखी. मग काच फुटल्याचा आवाज आला. तो आवाज काही फार मोठा नव्हता, घरात बरणी पडावी तेवढाच. ड्रायव्हरच्या शेजारी बसलेल्या नर्सनं तोंडासमोर हात आडवा धरला, पण उशिरा, दगड आत येऊन पडल्यावर. तो हात तिनं खाली घेतलाच नाही. नंदकिशोर त्या हाताकडे पाहत राहिला आणि मग त्याला गर्दीच्या कडेला विलास दिसला. विलास आपला तळवा पॅन्टीला पुसत होता. काम उरकल्यावर माणूस धूळ झटकतो तसा, सावकाश, दोनदा.

कुणी तरी ओरडलं, गर्दी फाटली, रुग्णवाहिका हिसका देऊन निघाली. बसही निघाली. मागच्या बाकावर पत्त्यांचा डाव जिथे थांबला होता तिथूनच पुन्हा सुरू झाला. कुणाची राणी कुणाकडे होती यावर थोडा वाद झाला. नंदकिशोरला उतरावंसं वाटलं नव्हतं असं नाही, पण उतरून काय करायचं हे पायांना ठाऊक नव्हतं. बस वाशीच्या वळणाला लागेपर्यंत त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली: हा तोच विलास, ज्यानं दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोची, वैजूची, पेटी विमानतळावरून टेम्पोत घालून आणली होती. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात पेटी वळेना. सोसायटीतली माणसं म्हणाली उभी करा, कठड्यावरून फिरवू. विलास तिथेच पायरीवर अडून उभा राहिला होता. "उभी नाय करायची. वैनी आत सरकतील," म्हणाला, आणि त्यानं आणि त्याच्या गावच्या पोरांनी ती पेटी आडवीच, इंच इंच, हातांवर तोलत वर नेली होती. त्याच्या मनगटाला कठडा घासून रक्त आलं होतं. ते त्यानं नंतर पॅन्टीलाच पुसलं होतं.

घरात सरस्वतीबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. वैजूची आई. मुलीचं दिवसकार्य करायला म्हणून संगमेश्वरहून आल्या आणि परत गेल्याच नाहीत. जाते म्हणाल्या नाहीत, राहते असंही म्हणाल्या नाहीत. एक दिवस त्यांनी गावाहून आपला पाटा मागवून घेतला आणि नंदकिशोर समजला. मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांच्या त्या घरात सासू आणि जावई अशी दोन माणसं एकमेकांचा संकोच सांभाळत राहत होती. तो दाढी करताना त्या स्वयंपाकघरात थांबत, त्या केस विंचरताना तो गॅलरीत. दोघं मिळून दिवसाला पाचपन्नास वाक्यं बोलत असतील, त्यांतली निम्मी जेवणाची. "उशीर झाला आज, नंदकिशोरराव," त्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या. "रस्त्यात गर्दी होती," तो म्हणाला. मग तो कपडे न बदलताच खुर्चीत बसून राहिला. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि उठून चहा टाकला.

चहा होतो न होतो तोच रावसाहेब आले. वाशीच्या नागरिक मंडळाचे अध्यक्ष, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, अंगावर कायम कडक इस्त्री. उद्या रविवारी सकाळी सोसायटीपुढच्या चौकाला वैजयंतीचं नाव द्यायचं होतं, पाटी तयार होती, मांडव विलासकडे होता; नोकरीच्या जोडीला तो मांडव-खुर्च्यांचं काम करी. "आपल्या नव्या गावाला इतिहास नाही, नंदकिशोर. आपल्याला तो घडवायला लागणार," रावसाहेब म्हणाले. "परक्या देशात, शत्रूच्या गोळ्यांसमोर आपली एक मुलगी छातीचा कोट करून उभी राहते, ही काय साधी गोष्ट आहे?" मनानं ते खरंच चांगले होते. वैजूची बातमी आली तेव्हा टेलिफोन त्यांच्याच घरी वाजला होता, आणि तीन जिने चढून निरोप सांगायला तेच आले होते, पायांत चप्पल न घालता. "आईंना शाल देऊ. तुम्ही दोन शब्द बोला," ते म्हणाले. सरस्वतीबाई दाराआड उभ्या होत्या. तिथूनच त्या नेहमीचं वाक्य म्हणाल्या, जे त्या येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना सांगत: "धुरळा होता हो फार. दिसलंच नाही त्यांना." रावसाहेबांनी मान खाली घातली.

ते वाक्य मद्रासच्या डॉक्टरचं होतं. वैजूबरोबर बैरुतच्या दवाखान्यात काम करणारा तरुण पोरगा, पेटीबरोबर आला होता, याच खुर्चीत बसला होता. तो इंग्रजीत सांगत होता आणि नंदकिशोर सरस्वतीबाईंसाठी मराठीत. जखमींना आणायला गाडी गेली होती. टपावर खूण होती, दोन्ही दारांवर खूण होती, बाहेर काठीला पांढरा झेंडा होता. परत येताना पुलाच्या तोंडाशी गाडीवर मारा झाला. कुणी केला ते कळलं नाही. तिथे इतके पक्ष होते की रोज सकाळी विचारावं लागे, आज समोर कोण. डॉक्टर बोलायचा थांबला, बोटं एकमेकांत अडकवून बसला, आणि मग म्हणाला की धूळ फार होती, त्यांना खूण दिसली नसणार. नंदकिशोरनं तेही मराठीत सांगितलं. सांगताना त्याला वाटलं होतं, हे वाक्य या पोरानं विमानात बसल्या बसल्या तयार केलं असावं. पण सरस्वतीबाईंनी ते पदरात घेतलं आणि गाठ मारली. दोन वर्षं ते वाक्य या घरात तिसऱ्या माणसासारखं राहत होतं. आणि खोटं कशाला बोला, त्यालाही त्याचा आधार होता. ज्यानं मारलं त्याला चेहराच नव्हता. नुसती धूळ होती, आणि धुळीवर रागावून माणूस किती रागावणार?

वैजू शूर वगैरे नव्हती. पाल दिसली तर ती स्वयंपाकघरात पाऊल ठेवत नसे. तो कामावरून येईपर्यंत बाहेर वेताच्या मोड्यावर बसून राहायची, हसायची स्वतःलाच, पण आत जायची नाही. कुवेतला नर्स म्हणून गेली ती या घरासाठी, आणि तिथून बैरुतला गेली तेव्हा तिनं कारण सांगितलं ते असं की तिथे माणसं कमी पडतायत. एवढंच. मोठं काही बोलायची सवय तिला नव्हतीच. शेवटच्या रजेवर एप्रिलात आली तेव्हा ती हडकली होती. दुपारी गच्चीवर चादरी वाळत घालताना तिनं एक पांढरी चादर जमिनीवर पसरली आणि बोटानं तिच्यावर रेघा ओढून दाखवल्या: टपावर खूण कशी काढतात, किती मोठी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. "विमानातून दिसते?" त्यानं विचारलं. "दिसायलाच तर काढतात," ती म्हणाली. "आम्हाला कुणी काही करत नाही रे. आम्ही कुणाच्याच बाजूचे नाही ना. एकदा तर दोन्हीकडच्यांनी गोळीबार थांबवला, आमची गाडी जाईपर्यंत. एकानं तर हात केला." हे सांगताना तिचा चेहरा शाळेतल्या मुलीसारखा झाला होता, बाईंनी शाबासकी दिल्यासारखा. त्याला तेव्हा तिला थांबवायचं होतं. पण त्या चेहऱ्यापुढे काय बोलणार? चादर गरम झाली होती, तिनं ती झटकली, दोघांनी दोन टोकं धरून घडी घातली, आणि घडी लहान लहान होत दोघं जवळ आली तेव्हा तिच्या केसांना कसल्याशा औषधाचा वास येत होता. तो वास त्याला पुढे कुठेच मिळाला नाही. प्रयोगशाळेत इतक्या बाटल्या उघडतो तो दिवसभर, पण नाही.

रविवारी सकाळी विलास फोटो न्यायला आला. आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, कपाळाला अंगारा. "साहेब, वैनीचा फोटो. हार तितंच घालू, हितं घातला तर जिन्यात चेंबल," म्हणाला. नंदकिशोरनं भिंतीवरचा फोटो काढला, पण हातात दिला नाही. "काल तू गेटवर होतास," तो म्हणाला. विलास थांबला. म्हणाला, "व्हतो." "मी बसमध्ये होतो. दगड त्या नर्सच्या काचेवर बसला ते पाहिलं." विलासनं खाली पाहिलं. मग तो दारातच उकिडवा बसला. "तुमाला सांगतो साहेब. गेल्या हप्त्यात तीच गाडी आयली. आमी वाट दिली. हात जोडून दिली, कोन तरी आजारी असल. आतमंदी काय व्हता? चौदा मानसं. भायेरची. मशिनी चालू करायला आनलेली, चादरी पांघरून झोपवलेली. आमच्या म्होरून आमाला चुत्या बनवून नेली. पाच महिने पोरांच्या तोंडाला काय लावलं ते आमाला म्हाईत. बापाची जमीन गेली टाउनशिपमंदी, त्याच्या बदल्यात ही नोकरी. ती पन गेली. मग काल तीच गाडी दिसली. डोकं फिरलं सगल्यांचं." "आत कोण होतं काल?" "नंतर कळला. त्यातलाच एक. भैय्या. हात गेला मशिनीत, इथपासून." विलासनं कोपराला बोट लावलं. मग म्हणाला, "तवा म्हाईत नव्हता."

नंदकिशोर फोटो धरून उभा होता. काचेवर त्याच्या बोटांचे ठसे उमटत होते. विलास खोटं बोलत नव्हता. चादरी पांघरलेली चौदा माणसं त्याला दिसली, मिटल्या डोळ्यांनी पडलेली, खोटी आजारी. ज्यानं कुणी ती युक्ती काढली असेल तोही एखाद्या कचेरीत पंख्याखाली बसणारा, मुलाबाळांचा माणूस असेल. आणि अचानक, काही न ठरवता, त्या पुलाच्या तोंडाशी कुणी तरी उभं राहिलेलं त्याला दिसलं. धूळ नव्हती. त्या माणसाच्याही बापाची जमीन गेली असेल. त्यालाही आदल्या आठवड्यात कुणी तरी पांढऱ्या गाडीतून फसवलं असेल, रुग्णांच्या जागी बंदुका नेल्या असतील, किंवा नेल्याचं त्याला कुणी सांगितलं असेल. त्यानंही कधी काळी कुणाची तरी पेटी जिन्यातून आडवी नेली असेल. तो माणूस चांगला असू शकतो, हे दोन वर्षांत नंदकिशोरच्या मनाला शिवलं नव्हतं, आणि आता शिवलं. धुळीला क्षमा करता येत होती. याला काय करायचं? आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला, आणि त्याला कळलं की सरस्वतीबाई सगळं ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या, त्याच्या हातातून फोटो घेतला, पदरानं काच पुसली आणि विलासच्या हातात दिला. "सांभाळून ने," म्हणाल्या. एवढंच.

चौकात शंभरेक माणसं जमली होती. पलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर गुडघाभर गवत होतं, आणि खाडीकडून वारा आला की मांडवाचं कापड फुगत होतं. रावसाहेब छान बोलले. शत्रू म्हणाले, हौतात्म्य म्हणाले, वीरकन्या म्हणाले; बायकांनी डोळे टिपले. फोटोतली वैजू कुणाशी तरी बोलता बोलता थांबल्यासारखी दिसत होती. सरस्वतीबाईंना शाल दिली, ती त्यांनी अंगावर घेतली नाही, प्लास्टिकच्या पिशवीतच मांडीवर ठेवली. मग नंदकिशोरचं नाव पुकारलं. तो माइकसमोर गेला. रात्रभर त्यानं मनात वाक्यं जुळवली होती, ती सगळी पळाली. लाउडस्पीकरच्या खोक्याशी विलास उभा होता, आवाज कमीजास्त करायला. त्याच्याकडे बोट दाखवावं, कालचं सगळं सांगून टाकावं, असं त्याला एक क्षण वाटलं. मग विलासनं आवाजाचं बटण हळूच वाढवलं, त्याला बोलायला सोपं जावं म्हणून, आणि ते जमलं नाही. "वैजयंती घाबरट होती," तो म्हणाला. "तिला पालीची भीती वाटायची. ती मरायला गेली नव्हती. कामाला गेली होती. तिला वाटायचं, गाडीवरची खूण बघून माणसं थांबतात." त्यानं हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं. "थांबायला पाहिजे होती," तो म्हणाला, आणि खाली उतरला. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांना कळलं नाही. थोड्या वाजल्या, मग विरल्या.

खुर्च्या उचलायला लागल्यावर सरस्वतीबाई सरळ विलासकडे गेल्या. "कालच्या त्या नर्सला कुठे नेलं?" विलासनं तुर्भ्याजवळच्या एका लहान दवाखान्याचं नाव सांगितलं. "मला तिथे ने." "आत्ता, आजी?" "मग कधी?" खुर्च्यांच्या टेम्पोत पुढे त्या बसल्या, मागे कनातीच्या ढिगावर नंदकिशोर. रस्त्याकडेच्या कारखान्यांची धुराडी रविवारीही धूर सोडत होती. दवाखान्याच्या फाटकाशी टेम्पो थांबला. विलास उतरला, पण आत आला नाही. फाटकाच्या खांबाला टेकून उभा राहिला.

ती नर्स कामावरच होती. रजा दिली होती पण घरी गेली नाही म्हणे. वीसबाविशीची, सावळी, दणकट मनगटांची. भुवईवर पट्टी आणि डोळा सुजून जांभळा झालेला. तळवलीची होती, सगुणा नाव. तिच्या गावातली ती पहिलीच नर्स. हातातला ट्रे घेऊन ती गोंधळून उभी राहिली, "कोनाला बघायचाय?" सरस्वतीबाई म्हणाल्या, "तुलाच." आपण कोण हे त्यांनी सांगितलं नाही, आणि नंदकिशोरलाही ते सांगता येईना, काय सांगणार, आमचीही एक होती म्हणून? "दुखतंय का गं?" "रातीला दुखला. आता नाय." "आणि तो? हात गेलेला?" सगुणानं पडद्याकडे मान केली. "हाय. ताप हाय. रातभर आईला बोलवत व्हता. त्याची भाषा मला जास्त येत नाय, पन आई कळतो ना." मग कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाली, "गाडीला वाट देतील असं वाटला मला. आमचेच लोक ते. मी म्हटला ड्रायव्हरला, तू हळू घे, मला वळखतात." सरस्वतीबाईंनी तिचा ट्रे काढून बाकावर ठेवला. शालीची पिशवीही तिथेच राहिली. दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरून त्या तिच्या सुजलेल्या डोळ्याकडे बघत राहिल्या, खूप वेळ, आणि मग त्यांच्या तोंडून आलं, "नको जाऊस गं त्या गाडीतून. पाया पडते तुझ्या. घरी जा." सगुणा आधी हसली, मग तिला कळेना. म्हातारी रडतेय हे बघून ती म्हणाली, "बरं आजी, नाय जात." आणि पडद्याआडून कण्हण्याचा आवाज आला तशी अलगद मान सोडवून घेऊन, ट्रे उचलून आत गेली.

दोन वर्षांत सरस्वतीबाईंना नंदकिशोरनं रडताना पाहिलं नव्हतं. आता त्या बाकावर बसून रडल्या, आवाज न करता, सगळं अंग हलत होतं. त्यानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सासूच्या अंगाला त्यानं आजवर कधी हात लावला नव्हता. पाठीचा कणा बोटांना लागला, किती बारीक झाल्या होत्या. "आई," तो म्हणाला. "मी असं तिला एकदा तरी म्हणायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मीही," तो म्हणाला.

बाहेर आले तेव्हा विलास तिथेच होता. सरस्वतीबाई त्याच्याकडे न बघता टेम्पोपाशी गेल्या. "कशी हाय ती?" विलासनं विचारलं. "डोळा वाचला," नंदकिशोर म्हणाला. "तळवलीची आहे." "म्हंजी आमच्यातलीच," विलास म्हणाला. रस्त्यावरून एक ट्रक गेला, दोघांच्याही अंगावर धूळ उडाली, दोघांनी ती उडू दिली. ती खाली बसेपर्यंत नंदकिशोर थांबला. आपल्याला काय विचारायचं आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि हेही ठाऊक होतं की हे विलासला विचारायचं नाही, ते ज्याला विचारायचं तो फार लांब आहे, त्याचं नावही कधी कळणार नाही.

"विलास, दगड मारलास तेव्हा ती तुला दिसत होती?"

विलासनं टेम्पोत बसलेल्या सरस्वतीबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान वळवली होती. त्या ऐकत होत्या. खोटं बोलणं सोपं होतं, आणि ते खोटं त्या घरात कोणत्या जागी ठेवलं जाईल हेही त्याला माहीत होतं. दोन वर्षं येताजाता त्यानं धुरळ्याचं ते वाक्य ऐकलं होतं.

"दिसत व्हती, साहेब," तो म्हणाला. "चांगली दिसत व्हती."

नंदकिशोरनं मान हलवली. मग तो टेम्पोच्या मागे चढला, आणि कनातीच्या ढिगावर, जागा करून, बसला.